अर्धा गुडघा बदलल्यावर पुन्हा कोर्टवर आणि गडावर : अनुभव, प्रश्न, भर

कोर्टकचेरी

डाव्या गुडघ्याचं पार्शल रिप्लेसमेंट होऊन वर्ष उलटून गेलं. वय ५९, मुक्काम पुणे, बँकेतून निवृत्त. ऑपरेशन ठरलं तेव्हा भेटेल त्याला विचारत होते आणि उत्तर एकच यायचं, "चालायला लागाल हो, काळजी करू नका." चालायला तर लागणारच होते! मला विचारायचं होतं बॅडमिंटनच्या डबल्सचं. आमची चौकडी रोज सकाळी कोर्टवर जमते, शिवाय अधूनमधून सिंहगड. त्यावर बोलणारं कुणी भेटेना. भेटले ते दोन टोकांचे. एक म्हणणार, आता रॅकेट माळ्यावर टाका. दुसरा व्हॉट्सॲपवर परदेशातल्या कुठल्या स्कीइंगवालीचा व्हिडिओ पाठवणार. मधलं काय ते इथे लिहिते. ज्यांचं झालंय त्यांनी भर घाला.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते, कारण घरच्यांनाही मला हे पुन्हापुन्हा सांगावं लागलं. गुडघ्यात तीन कप्पे धरतात. आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. आपल्याकडे बहुतेकांचा आतला आधी झिजतो आणि पाय बाकदार होत जातात. माझे बाकीचे दोन कप्पे शाबूत होते आणि आतली लिगामेंटं, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, धड होती. त्यामुळे तेवढाच एक कप्पा बदलला. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची चकती, मध्ये पॉलिथिलीनची गादी. पूर्ण गुडघा बदलताना पुढचं क्रूशिएट लिगामेंट सहसा काढतात. इथे ते राहतं. खेळणाऱ्याच्या दृष्टीने सगळी मेख यातच आहे. वळताना, अचानक थांबताना पाय कुठे आहे हे न बघता कळतं.

पहिल्या काही आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. वॉकर, मग काठी, बर्फ, पाय उंच ठेवणं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, टाके निघणं, हे सगळ्यांचं सारखंच. एक मात्र सांगते. सगळे विचारतात, "किती वाकतो?" आमची फिजिओ पहिल्या दिवसापासून विचारायची, "सरळ होतो का?" टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याखाली पोकळी, आणि मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा. दिसायला काहीच नाही, आणि कपाळावर घाम. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चालताना तो कायम किंचित वाकलेला राहतो, मांडीचा पुढचा स्नायू एक क्षणही सुट्टी घेत नाही, आणि असा लंगडता माणूस पुढे खेळणार काय कप्पाळ.

आता बॅडमिंटन. मी उजव्या हाताने खेळते. नेटवर झेपावताना उजवा पाय पुढे जातो, म्हणून मंडळी म्हणाली, बरं झालं, डावा सुटला. डावा सुटत नाही. मागच्या रेषेवरून डोक्यावरचं शटल मारताना आपण हवेत पाय बदलतो आणि खाली उतरतो ते डाव्यावर. एकट्या डाव्यावर, तेही अंग वळलेलं असताना आणि वजन मागे जात असताना. गुडघ्याला नको असलेल्या सगळ्या गोष्टी त्या एका उडीत आहेत. आजूबाजूच्या कोर्टांवर बघा, पन्नाशीपुढची मंडळी या उडीतच लचकतात.

त्यामुळे आमच्या जोडीने खेळाची मांडणी बदलली. पुढचं कोर्ट माझं, मागचं जोडीदारणीचं. डोक्यावरून गेलं ते तिचं, मी वळून धावत नाही. सर्व्हिस, नेटचे ड्रॉप, ड्राइव्ह, पुश हे सगळं करते. स्मॅश मारते तो दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. सिंगल्स बंद. सिमेंटच्या कोर्टवर कुणी फुकट बोलावलं तरी जात नाही, लाकडी फ्लोअर आणि वर मॅट असेल तरच. गंमत म्हणजे माझा नेटवरचा खेळ आधीपेक्षा चांगला झालाय, कारण आता पाय वाचवायला हात वापरावा लागतो.

सुरुवात कशी केली तर आधी भिंतीशी एकटीने, मग अर्ध्या कोर्टवर गुण न मोजता. गुण मोजायला लागलं की शहाणपण संपतं, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

प्रश्न दोन. एक, ज्यांच्या अर्ध्या गुडघ्याला दहा वर्षं किंवा जास्त झाली आणि जे खेळत राहिले, त्यांच्या गादीचं काय झालं? दोन, गड उतरण्याचं काय करता?

टेकडीवाला

ताई, उत्तम धागा. माझा प्रश्न साधा आहे, पण तो विचारल्याशिवाय मराठी माणसाचा गुडघ्यावरचा धागा पुरा होत नाही. मांडी घालून बसता येतं का?

कोर्टकचेरी

@टेकडीवाला, येतं. आधी जेवढं वाकत होतं त्यावर बरंच अवलंबून असतं म्हणतात आणि माझं आधी वाकत होतं. पण तासभर पंगतीत मांडी घालून बसायचं मी टाळते. उकिडवं तर नाहीच. सर्जनने बजावलंय की येतंय म्हणून सवय करू नका. गुडघे टेकायला मनाई नाही, पण व्रणाच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर आहे. तिथे टेकलं की दुखत नाही, विचित्र वाटतं. देवासमोर पाट आणि वर जाड आसन. घरात कमोड आधीच होता.

खवचट_काका

एकोणसाठाव्या वर्षी हवेत पाय बदलायचे कशाला म्हणतो मी. पर्वतीवर जावं, देवदेवेश्वराला नमस्कार करावा, खाली येऊन चहा प्यावा. गुडघा नवा मिळाला तर जपून वापरावा की लगेच घासायला काढावा?

कोर्टकचेरी

@खवचट_काका, पर्वतीच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यावर जो भार येतो तो नेटवर उभं राहून ड्रॉप टाकण्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा आपणच जपा. :)

फिजिओताई

नाशिकला गुडघ्यांचे रुग्ण बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोर्टकचेरी ताईंनी काकांना दिलेलं उत्तर गमतीचं असलं तरी बरोबर आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून चालत्याफिरत्या माणसांमध्ये हे भार मोजलेत. ते पूर्ण बदललेले गुडघे होते, पण अंदाज यायला पुरतं. सपाटीवर चालताना वजनाच्या साधारण २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. बैठी सायकल हलक्या ताकदीने मारली तर सव्वा पटीच्या आसपास. अमेरिकेत अशाच पद्धतीने जॉगिंग मोजलं तर चारच्या वर गेलं.

म्हणजे ज्याला लोक खेळ म्हणतात ते सगळं वाईट आणि ज्याला साधं म्हणतात ते सगळं सुरक्षित, असं काही नाही. सायकल ही साध्या चालण्यापेक्षाही गुडघ्याला हलकी जाते. म्हणून आम्ही ती इतक्या लवकर सुरू करतो. गुडघा शंभर-एकशेदहा अंश वाकायला लागला की सीट उंच करून बैठी सायकल. त्याआधी पायडल पूर्ण फिरवायची घाई करू नये, पुढेमागे झुलवलं तरी चालतं.

खेळाकडे परतण्याची तारीख विचारतात सगळे. सहसा तीन महिन्यांच्या पुढे हलके खेळ, वळण्याथांबण्याचे त्यानंतर, असं आम्ही सांगतो. पण मी कॅलेंडरपेक्षा पायरी बघते. साताठ इंचांची पायरी घ्या. ऑपरेशनच्या पायावर वर उभे राहा, दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली जमिनीला टेकवा आणि पुन्हा वर या. समोर आरसा ठेवा. गुडघा आत कोसळतो का? कंबर एका बाजूला पडते का? शेवटच्या दोन इंचांत धपकन खाली येता का? या तिन्हींची उत्तरं 'नाही' येईपर्यंत कोर्ट लांब आहे. चढायची ताकद सगळ्यांना लवकर येते. सावकाश खाली येण्याची ताकद उशिरा येते, आणि खेळात दुखापत होते ती तिथेच. जोर मांडीतला लागतोच, पण कंबरेच्या बाजूचे आणि बसायच्या जागेचे स्नायू त्याहून दुर्लक्षित असतात. आपल्या बायकांचे तर फारच.

दुसरं, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला विचारा. खेळताना थोडं जाणवलं आणि संध्याकाळपर्यंत गेलं तर हरकत नाही. सकाळी उठल्यावर वाटीच्या वर फुगवटा दिसला, वाकवताना ताठ वाटला, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर कालचं जास्त झालं. एक-दोन दिवस थांबा आणि पुढच्या वेळी निम्मं करा. थोडी सूज आणि ऊब कित्येक महिने राहू शकते, त्याने घाबरू नका. कालच्यापेक्षा वाढली का एवढंच बघा. आणि खेळायला जाण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन जाऊ नका. गोळीने गुडघा गप्प बसतो, त्याच्यावरचा भार तेवढाच राहतो.

थेट डॉक्टरकडे जायचं ते कधी: पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली, ताप आणि व्रणातून पाणी, नडगीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने पाय टेकवेना असं अचानक दुखायला लागलं, गुडघा एकाएकी अडकला. शेवटच्या दोन्हींत एक्स-रे लागतो. मालिशवाल्याकडे जाऊ नका.

सांगलीचा_गडी

कबड्डीचं काय? वय ५२, शाळेत पोरांना शिकवतो. आतला कप्पा गेलाय, ऑपरेशनची तारीख मिळालीय.

फिजिओताई

@सांगलीचा_गडी, शिकवा की सर, शिट्टी वाजवून. पकडीत उतरू नका. पाय अडकलेला असताना वरून माणूस पडतो, अशा खेळाला कुणीही होकार देणार नाही. तेच कुस्तीचं आणि फुटबॉलचं.

सांगलीचा_गडी

पोरं ऐकत नाहीत बघा स्वतः पकड करून दाखवल्याशिवाय. बरं, बघतो.

मॅरेथॉनवेडा

ठाण्यात असतो, वय ४७. मुंबईची हाफ मॅरेथॉन दरवर्षी पळायचो. उजव्या गुडघ्याचा आतला कप्पा घासला गेलाय. एक डॉक्टर म्हणतात पार्शल करा, पण धावणं विसरा. दुसरे म्हणतात नडगीचं हाड कापून सरळ करू. तिसरे म्हणाले, वजन कमी करा आणि पाच वर्षं ढकला. माझं वजन ८४ आहे. कुणाचं ऐकू?

अस्थिपंजर

@मॅरेथॉनवेडा, मी हाडांचा डॉक्टर आहे, पण तुमचा एक्स-रे माझ्यासमोर नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. तिघेही चुकीचं सांगत नाहीयेत.

नडगीचं हाड कापण्याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात. हाडात वरच्या बाजूला काप घेऊन ते थोडं उघडतात, प्लेट लावतात, आणि शरीराचा भार झिजलेल्या आतल्या कप्प्यावरून धडधाकट बाहेरच्या कप्प्याकडे सरकवतात. सांधा तुमचाच राहतो, त्यात प्लास्टिक नसतं, म्हणून झिजायचीही चिंता नसते. बाकदार पाय, वय पन्नाशीच्या आत, अंगमेहनत किंवा धावपळ जास्त, अशा माणसाला हा पर्याय आधी सुचवतात. तोटे : हाड जुळायला वेळ लागतो, कुबड्यांवर जास्त दिवस काढावे लागतात, आणि वेदना पार्शलइतक्या साफ जातीलच असं नाही. काही वर्षांनी पूर्ण बदलावा लागू शकतो. पण तुम्हाला धावायचंच असेल तर सर्जनशी मी या दिशेने बोलेन.

पार्शलनंतर धावू नका असं का सांगतात? धातू आणि पॉलिथिलीन यांच्यातली झीज गुडघा किती वेळा वाकतो-सरळ होतो त्यावर अवलंबून असते आणि हाडाला चिकटलेल्या चकतीवर प्रत्येक पावलाचा आघात येतो. धावणारे लोक आहेत, काही सर्जन पूर्वीइतके कडकही राहिलेले नाहीत. पण पोहणं, सायकल, चालणं, डबल्स यांना जितक्या मोकळेपणाने हो म्हणतात तसं धावण्याला म्हणत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघा बदलला तर तो पुढे किती वर्षं वापरायचा आहे तेही मोजा.

वजनाचं तिसऱ्या डॉक्टरांनी म्हटलंय ते हलक्यात घेऊ नका. एक किलो कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं झिजलेल्या गुडघ्यांच्या लठ्ठ रुग्णांवरच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. पाच किलो उतरवा, मग निर्णय घ्या. कदाचित तो निर्णयच पुढे जाईल.

आता कोर्टकचेरी यांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. पार्शल नवं नाही. ऑक्सफर्डच्या गुडफेलो आणि ओकॉनर यांनी सरकत्या गादीचा गुडघा सत्तरच्या दशकात काढला. नुसत्या आतल्या कप्प्यासाठी तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. टिकण्याबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. देशोदेशींच्या सांधेबदलाच्या नोंदवह्यांमध्ये पार्शल पुन्हा उघडावा लागण्याचं प्रमाण पूर्ण बदलापेक्षा जास्त दिसतं. उलट ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर टॉपकॅट नावाची चाचणी झाली, तिचे पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. त्यात दुखणं आणि हालचालीच्या मोजमापात दोन्ही गट जवळपास सारखे निघाले आणि खर्चाच्या बाजूने पार्शल सरस ठरलं. नोंदवहीतला आकडा का वाढतो यालाही कारणं आहेत. पार्शल दुखलं की "पूर्ण करून टाकू" हा मार्ग डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही मोकळा दिसतो. आणि जे सर्जन हे ऑपरेशन क्वचित करतात त्यांच्या हातून ते कमी टिकतं. त्यामुळे "पार्शल करता का?" यापेक्षा "तुम्ही ते किती वेळा करता?" हे विचारा. उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तेही उत्तरच समजा.

गादी झिजणं हे एकच कारण नसतं. न बदललेला बाहेरचा कप्पा पुढे झिजतो, चकती सैल होते, सरकत्या प्रकारात गादी निसटते. खूप खोल वाकवणाऱ्यांनी म्हणूनच आपल्यात कोणता प्रकार बसवलाय, गादी सरकती की पक्की, ते डिस्चार्जच्या कागदांत बघून ठेवावं. स्टिकर चिकटवलेलं असतं.

मॅरेथॉनवेडा

एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद. पाच किलो, ठीक. वडापाव बंद म्हणजे शनिवार बंद.

न्यूजर्सीकर

इकडे माझ्या दोन्ही गुडघ्यांचं पार्शल झालंय, आधी एक आणि मग दुसरं. वय ६६. इकडे पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाची साथ आलीय. आमच्या मराठी मंडळातले सगळे निवृत्त त्यात आहेत. कोर्ट लहान, बॉल हलका, म्हणून वाटतं की सोपं. पण पडतात फार! डोक्यावरून गेलेला बॉल घ्यायला माणूस पाठमोरा न होता उलटा धावतो आणि आपटतो. गुडघ्याचं सोडा, मनगट मोडतं. मला इकडच्या थेरपिस्टने पहिली गोष्ट शिकवली ती मागे जायची. आधी अंग बाजूला वळवायचं, मग पावलं टाकायची. उलटं धावायचं नाही. ताईंच्या बॅडमिंटनलाही हेच लागू होईल.

आणि त्या स्कीइंगवालीबद्दल. लिंडसे व्हॉन. एप्रिल २०२४ मध्ये उजव्या गुडघ्याचं पार्शल झालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती वर्ल्ड कपमध्ये परत उतरली आणि मार्च २०२५ मध्ये चाळिसाव्या वर्षी सुपर-जी या स्कीइंगच्या शर्यतीत दुसरी आली. आमच्याकडे सगळ्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवून झालाय. थेरपिस्टला दाखवला तर म्हणाला, "तिच्या मांड्या बघ आणि तुझ्या बघ."

खवचट_काका

हा थेरपिस्ट आमच्यातला दिसतो.

फिजिओताई

:) पण व्हॉनच्या बातमीचा एक उपयोग आहे. अर्धा गुडघा बदलला म्हणजे आयुष्य संपलं असं समजणाऱ्यांना ती दाखवावी. तिच्यामागे आख्खी टीम आहे, आणि जोखीम तिने जाणून घेतलीय. आपण तिच्याकडून धीर घ्यावा, वेळापत्रक घेऊ नये.

दर्यावर्दी

मडगावहून. पोहण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी तलावात सोडलं. फ्रीस्टाइलला काहीच त्रास नाही. ब्रेस्टस्ट्रोकची ती बेडकासारखी लाथ मात्र बरेच महिने जमली नाही, गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओढ बसायची. समुद्रात जाणाऱ्यांना सांगणं एवढंच की पोहायला काही होत नाही, आत जाता-येता होतं. गुडघाभर पाण्यात उभं असताना परतणारी लाट पायाखालची रेती ओढून नेते, पाऊल रुतलेलं असतं आणि वरचं अंग फिरतं. पावसाळ्यात तर जाऊच नका, गुडघ्यासाठीही आणि जिवासाठीही.

वारी_माझी

माझ्या आईचं (६८) पार्शल झालंय. वारी करायची म्हणून हट्ट धरून बसलीय. आळंदीपासून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. डॉक्टर म्हणाले चालण्याला बंदी नाही. आता ती हेच वाक्य धरून बसलीय.

कोर्टकचेरी

@वारी_माझी, आईंना नमस्कार. डॉक्टरांनी चालायला हो म्हटलंय, पण वारीत नुसतं चालणं नसतं. डांबर, ऊन-पाऊस, गर्दीतली धक्काबुक्की, रात्री जमिनीवर झोपून सकाळी जमिनीवरून उठणं. सगळ्यात कठीण ते शेवटचं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी हे केलं. पूर्ण वारी नाही, लोणंद ते तरडगाव एवढाच टप्पा. छोटा आहे, सपाटी आहे, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघायला मिळतं. पुणे-सासवड घेऊ नका, तो लांब पल्ला आणि मध्ये दिवे घाट. सोबत घडीची खुर्ची असू द्या, दिंडीत आजकाल कुणी हसत नाही.

फिजिओताई

आणि आईंना जमिनीवरून उठायला आधी शिकवा. बाजूला वळायचं, दोन्ही हात टेकायचे, चार पायांवर यायचं, चांगला पाय पुढे रोवायचा, खुर्चीचा आधार घेऊन उठायचं. वारीला जाणार असोत वा नसोत, हे यायलाच हवं. बूट नवे असतील तर दोन महिने आधी वापरायला काढा.

टेकडीवाला

गड उतरण्याच्या प्रश्नाकडे कुणी वळेना, म्हणून मीच सांगतो. माझा गुडघा अजून मूळचाच आहे, पण तक्रारी त्याच. दोन काठ्या. एक नव्हे, दोन. उतरताना काठ्यांची लांबी वाढवायची आणि पाऊल टाकण्याआधी दोन्ही खाली टेकवायच्या. घसाऱ्यावर काठ्यांची रबराची बुटं काढून टोकं उघडी करायची, खडकावर परत चढवायची. मोठी पायरी आली तर ऑपरेशनचा पाय आधी खाली. चढताना चांगला आधी. आणि पाठीवरची पिशवी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी, त्यासाठीच पुतणे असतात.

कोर्टकचेरी

@टेकडीवाला, काठ्यांचं शंभर टक्के. सिंहगड मी आतकरवाडीकडून चढते, सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. पूर्वी घड्याळ लावून चढायचे, आता दम बघून चढते. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. खाली यायला वाहनतळावरची जीप. पहिल्यांदा जीपमध्ये बसले तेव्हा कॉलेजातल्या पोरांच्या रांगेत मी एकटीच ट्रेकिंगच्या बुटातली होते आणि ती पोरं चपला घालून गाडीनेच वर आलेली. लाज बिलकूल वाटली नाही. वर चालत, खाली गाडीने हे गणित फिजिओताईंच्या आकड्यांशी जुळतं, हे आज कळलं.

उतरायचंच असेल तर ज्या गडांना पायऱ्या नाहीत, नुसती वाट आहे, ते मला बरे पडतात. उंच दगडी पायऱ्यांचा गड मी यादीतून काढलाय. राजगड, हरिश्चंद्रगड आता फोटोत.

सांगलीचा_गडी

मॅडम, उजव्या पायाचं ऑपरेशन झालं तर गाडी कधी चालवता येते? शाळा अठरा किलोमीटरवर आहे.

अस्थिपंजर

@सांगलीचा_गडी, उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय. साधारण सहा आठवडे धरा, आणि आधी बंद गाडीत बसून पाय झटकन उचलून ब्रेक जोरात दाबता येतो का ते बघा. मोटारसायकल असेल तर थोडं आणखी थांबा, गाडी कलली की सगळा भार पायावर येतो. दुसरं, पुढे कधीही दाताचं मोठं काम निघालं तर दातांच्या डॉक्टरला गुडघ्याचं आधी सांगा. प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतंच असं नाही, पण सांगणं आपलं काम. हिरडीत पू धरून बसू नका, तो सांध्यापर्यंत पोचू शकतो.

नवी_पाहुणी

वाचनमात्र होते, खास या धाग्यासाठी लॉगिन केलं. आमच्या घरी गुडघा बदलणं म्हणजे वाजपेयी. २००० साली ब्रीच कँडीत त्यांचा एक गुडघा बदलला आणि पुढच्या वर्षी दुसरा, तेव्हापासून आजोबा सगळ्यांना तेच उदाहरण द्यायचे. ते अर्धे होते की पूर्ण? आणि कोर्टकचेरी ताई, दुसऱ्या गुडघ्याचं काय? तोही जाणार असं गृहीत धरायचं का?

अस्थिपंजर

पूर्ण. डॉ. चित्तरंजन राणावतांनी केले होते.

कोर्टकचेरी

@नवी_पाहुणी, स्वागत. दुसऱ्याचा एक्स-रे काढलाय, आतली फट थोडी कमी झालीय. सर्जनचं म्हणणं, एक्स-रेवर ऑपरेशन करत नाहीत, माणसावर करतात. सध्या दुखत नाही. म्हणून जे व्यायाम डाव्याला तेच उजव्याला, पायरीवरून उतरायचा सुद्धा. आरशात बघितलं तर कंबर पडते ती उजव्या पायावर उभी असतानाच, म्हणजे न कापलेला पाय जास्त कच्चा निघाला. सगळं लक्ष डाव्याकडे होतं ना.

@न्यूजर्सीकर, वळून मागे जायचं उद्यापासून करून बघते. जोडीदारणीला आधी सांगावं लागेल, नाहीतर दोघी एकमेकींवर आपटू. तुमच्या पहिल्या गुडघ्याला किती वर्षं झाली ते सांगितलं नाहीत.

न्यूजर्सीकर

@कोर्टकचेरी, पहिल्याला अकरा, दुसऱ्याला सात. मधल्या काळात टेनिस सिंगल्स सोडलं, डबल्स आणि आता पिकलबॉल. पहिल्याच्या एक्स-रेत डॉक्टरांना अजून काही सापडलेलं नाही, वर्षाआड काढतो. विमानतळावरचं यंत्र मात्र दर वेळी सापडवतं.